जपानला पोचलायस ना, मग आता एका जागी थांब

बाळा,

तुझा रात्री अडीचचा मेसेज सकाळी वाचला. "काका, टोकियोत दोन दिवस झाले, सगळं व्हिडिओत बघितलेलंच आहे, काहीच वाटत नाहीये, माझंच काही चुकतंय का?" हो, चुकतंय. नऊ दिवसांत टोकियो, हाकोने, क्योटो, नारा, हिरोशिमा, ओसाका अशी एक्सेल शीट घेऊन धावलास तर दुसरं काय होणार? एका जागी थांब.

चिडू नकोस, मी स्वतः हेच करून बसलोय. 2006 च्या मे महिन्यात कंपनीने ट्रेनिंगला पाठवलं, नारिता एअरपोर्टपासून शहर साठेक किलोमीटर, आणि मी ट्रेनमध्ये पूर्ण वेळ मान खाली घालून फाईल वाचत होतो. परत जाताना बाहेर बघितलं तर पाणी भरलेली भातखाचरं, वीतभर रोपं, आणि मशीनकडून सुटलेल्या कोपऱ्यात एक म्हातारी वाकून हाताने लावणी करतेय, अगदी आपल्या कोकणातल्यासारखी. दोन सेकंद दिसली आणि गाडी पुढे गेली. घरी आईने पहिलं काय विचारलं तर, तिकडे भात कसा लावतात रे? मला धड सांगता आलं नाही. पुढच्या वर्षी आई गेली.

म्हणून म्हणतो, थांब.

ट्रेनमध्ये तुझ्या आईचा फोन उचललास, सगळे बघायला लागले आणि तुला अपमान वाटला, असंही लिहिलंयस. अरे, तिथे ट्रेनमध्ये फोनवर बोलत नाहीत, मेसेज करतात, एवढंच. जरा मान झुकवायची, विषय संपला. यावर रात्रभर कसला विचार करतोस!

आणि खाणंही धावत उरकू नकोस. मिसो सूप, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या पेस्टचं सूप, व्हेज समजून पिऊ नकोस, त्यात बहुतेक वेळा वाळवलेल्या माशाचा अर्क असतो. कोनबिनीतून, म्हणजे कोपऱ्यावरच्या छोट्या दुकानातून, त्रिकोणी ओनिगिरी (भाताचा सारण भरलेला गोळा) घे, आत काय आहे ते विचारून. वेष्टनावर 1, 2, 3 लिहिलेलं असतं, त्याच क्रमाने ओढायचं, कारण बाहेरची नोरी, म्हणजे समुद्री शेवाळाचा कुरकुरीत पापुद्रा, मऊ पडू नये म्हणून भात आणि तिच्यामध्ये प्लास्टिकचा पडदा असतो. मी घाईत मधूनच फाडला आणि नोरी कागदातच राहिली. दुकानातल्या पोराने दुसरा घेऊन सावकाश सोडून दाखवला, मला त्या ट्रिपमधलं तेच सगळ्यात लख्ख आठवतं, का ते तूच बघ.

लोक मला म्हणतात, चार वेळा जपानला जाऊन फुजी जवळून बघितला नाहीस? नाही बघितला. कधीकधी वाईट वाटतं, पण त्याच्याऐवजी ज्या गल्ल्यांत बसून राहिलो ते दिवस मी कुणाला देणार नाही, मी केलं ते बरोबरच केलं.

उद्याचं हाकोने सोड, पैसे गेले तर जाऊ देत. हिरोशिमा मात्र यादीतून काढू नकोस, उलट त्याला पूर्ण दिवस दे. उद्या यामानोते लाइनने, म्हणजे टोकियोत गोल फिरणाऱ्या ट्रेनने, निप्पोरी स्टेशनला उतर आणि यानाका या जुन्या वस्तीकडे चालत जा. 1923 चा भूकंप आणि नंतरची दुसऱ्या महायुद्धातली बॉम्बफेक यातून हा भाग बराचसा वाचला म्हणून जुनी लाकडी घरं, देवळं, अरुंद बोळ अजून आहेत. तिथे यूयाके दानदान नावाच्या पायऱ्या आहेत, खाली बाजाराची गल्ली. कडेला उभा राहा, फोन खिशात. टोकियोत बऱ्याच भागांत संध्याकाळी पाचच्या सुमारास रस्त्यावरच्या भोंग्यांवर एक धून वाजते, त्यात इमर्जन्सीच्या स्पीकरची रोजची टेस्टही होते आणि पोरांना घरी जायची वेळही कळते. ती ऐकल्याशिवाय हलू नकोस. मग मेसेज कर, कितीही वाजले तरी.

तुझा काका