मुलगा म्हणतो, फुटबॉल कोच व्हायचंय

प्रश्न: आम्ही सतरा वर्षं न्यू जर्सीत आहोत. मुलगा अकरावीत आहे. शाळेच्या अमेरिकन फुटबॉलच्या टीममध्ये होता, पण गेल्या सीझनला खांदा निखळला, ऑपरेशन झालं आणि पुढे खेळणं अवघड आहे. गणित चांगलं आहे, म्हणून आम्हाला वाटलं, आता हे वेड जाईल आणि कम्प्युटर सायन्स घेईल. तर तो म्हणतो, मला कोच व्हायचंय. हे दोन आठवडे त्याच्याशी धड बोलत नाहीत. ‘एवढी वर्षं इथे घासली ती पोराने शिट्टी फुंकावी म्हणून?’ असं म्हणतात. मला दोघांचंही पटतं. यात खरंच करिअर असतं का?
ता. क. खांदा पट्ट्यात बांधलेला असतानाही तो रोज सरावाला जायचा. नववीतल्या मुलांना पाय कसे रोवायचे ते दाखवत बसायचा. घरी यायला सात वाजायचे.

उत्तर:

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही ता. क. मध्ये लिहिलीत. स्वतःला खेळता येत नाही हे कळल्यावर बहुतेक मुलं मैदानाकडे फिरकतही नाहीत, कारण बाहेर बसून बघणं सोसत नाही. तुमचा मुलगा गेला आणि लहान मुलांच्या पायांकडे बघत बसला. मी याकडे लक्ष देईन. का, ते सांगण्यासाठी तुमच्या घरापासून तासाभराच्या आत असलेल्या वेस्ट ऑरेंजमध्ये १८६२ साली जन्मलेल्या एका माणसाची गोष्ट सांगतो. ती तुमच्या यजमानांनाही वाचायला द्या.

अमोस अलोन्झो स्टॅग. वडील चपला-बूट शिवायचे. घरात पैसा नव्हता, तरी मुलगा येल विद्यापीठापर्यंत पोचला. त्याला धर्मोपदेशक व्हायचं होतं. येलमध्ये तो बेसबॉलचा नावाजलेला पिचर होता. व्यावसायिक संघांनी बोलावलं, ते त्याने नाकारलं. १८८९ मध्ये देशातली पहिली ऑल-अमेरिका फुटबॉल टीम, म्हणजे देशभरातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूंची मानाची यादी, निवडली गेली, तिच्यातही तो होता. धर्मशास्त्राचं शिक्षण सुरू झालं, पण तिथे एक गोष्ट लक्षात आली: चारचौघांत उभं राहून बोलायला लागलं की त्याची गाडी अडायची. उपदेशकाला बोलता आलं नाही तर कसं चालेल? म्हणून १८९० मध्ये त्याने तो रस्ता सोडला आणि स्प्रिंगफील्डच्या वायएमसीए ट्रेनिंग स्कूलमध्ये गेला. ज्यासाठी इतकी वर्षं तयारी केली तेच हातातून सुटलेला अठ्ठावीस वर्षांचा तरुण डोळ्यांसमोर आणा. तुमच्या मुलाच्या खांद्याची गोष्ट मला यापेक्षा फार वेगळी वाटत नाही.

स्प्रिंगफील्ड ही शारीरिक शिक्षणाचे शिक्षक घडवणारी शाळा होती. जेम्स नेस्मिथ यांनी बास्केटबॉल शोधला तो तिथेच. मार्च १८९२ मध्ये शिक्षक विरुद्ध विद्यार्थी असा सामना लोकांसमोर झाला. विद्यार्थी ५–१ ने जिंकले आणि शिक्षकांचा तो एकमेव गुण स्टॅग यांचा होता. (याच शाळेत शिकलेल्या हॅरी क्रो बक यांनी १९२० मध्ये मद्रासला शारीरिक शिक्षणाची संस्था काढली. आपल्याकडे पीटीच्या सरांना रीतसर प्रशिक्षण मिळू लागलं त्यात त्या संस्थेचा मोठा वाटा आहे.)

आता मुख्य मुद्दा. त्याच वर्षी शिकागो विद्यापीठ सुरू होत होतं. अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर हे येलमधले स्टॅग यांचे शिक्षक. त्यांनी स्टॅगना बोलावलं ते सहयोगी प्राध्यापक आणि शारीरिक शिक्षण विभागाचे संचालक म्हणून. वर्षाला २५०० डॉलर पगार आणि कायमची नेमणूक. त्या काळी कोच म्हणजे बहुधा एखादा माजी खेळाडू. तो सीझनपुरता यायचा, शिकवायचा आणि निघून जायचा. प्राध्यापकांच्या बैठकीत त्याला खुर्ची मिळणं ही नवी गोष्ट होती. ताई, तुमच्या यजमानांच्या शिट्टीच्या प्रश्नाला माझं उत्तर हेच आहे. कोच हा मुळात शिक्षक असतो, आणि या पेशाला अमेरिकेत प्रतिष्ठा आली ती याच वाटेने.

पहिल्या सीझनला खेळाडू कमी पडले म्हणून स्टॅग स्वतः टीममधून खेळले. सुरुवातीचे सामने चक्क स्थानिक हायस्कूलशी! शिकवण्याची हातोटी मात्र आधीपासून होती. टॅकल, म्हणजे समोरच्या खेळाडूला धरून पाडणं, शिकताना एकमेकांवर आदळून खेळाडू जायबंदी व्हायचे. स्टॅग यांनी येलच्या व्यायामशाळेतली एक गादी गुंडाळून टांगली आणि तिच्यावर झेपा टाकायला लावल्या, असं सांगतात. आज प्रत्येक हायस्कूलच्या मैदानावर जो टॅकलिंग डमी दिसतो त्याची सुरुवात ती. तुमच्या मुलाने नववीतल्या पोरांचे पाय नीट रोवून घेतले, तेव्हा तोही हाच विचार करत होता: समोरच्याला न दुखवता हे कसं शिकवू?

शिकागोत ते ४१ सीझन राहिले. १९०५ मध्ये त्यांच्या टीमने मिशिगनला २–० असं हरवलं. त्याआधी मिशिगन सलग ५६ सामने अपराजित होतं. त्याच वर्षी फुटबॉलच्या मैदानावर इतके मृत्यू आणि अपघात झाले की राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना लक्ष घालावं लागलं. १९०६ पासून चेंडू पुढे फेकायला परवानगी मिळाली आणि खेळच बदलला. स्टॅग नियम समितीत होते. आपण शिकलेला जुना खेळ बाजूला ठेवून त्यांनी नवा खेळ मुलांना शिकवला. त्यांच्या पत्नी स्टेला सामन्यांच्या नोंदी ठेवायच्या, प्रतिस्पर्ध्यांचा खेळ टिपून आणायच्या. आज व्हिडिओ आणि डेटा बघणारी माणसं तेच काम करतात. गणित चांगलं असलेल्या मुलासाठी इथे मोठी जागा आहे, हे यजमानांना जरूर सांगा.

तुमच्यापासून काही लपवायचं नाही. १९०५ च्या त्या टीमचा तारा होता क्वार्टरबॅक, म्हणजे टीमच्या चढाईची सूत्रं हलवणारा खेळाडू, वॉल्टर एकरसॉल. तो तीनदा ऑल-अमेरिका निवडला गेला, पण पदवी न घेताच विद्यापीठातून बाहेर पडला. प्राध्यापक असलेल्या कोचच्या हाताखाली हे घडलं, आणि ते मला खटकतं. पुढे १९२४ नंतर शिकागोला अजिंक्यपद मिळालं नाही, आणि १९३२ च्या सीझननंतर सत्तरीचा नियम लावून विद्यापीठाने स्टॅगना निवृत्त केलं. चाळीस वर्षं दिल्यावरही हे होतं. मोठ्या विद्यापीठांत आज तर दोन सीझन वाईट गेले की कोच बाहेर. या पेशात घर हलवणं, मुलांच्या शाळा बदलणं आलंच. मुलाला हे माहीत हवं.

स्टॅग घरी बसले नाहीत. सत्तराव्या वर्षी कॅलिफोर्नियात स्टॉकटनला कॉलेज ऑफ द पॅसिफिक या लहानशा कॉलेजात गेले. तिथे १९४३ मध्ये, वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी, देशातल्या कोचेसनी त्यांना वर्षाचा सर्वोत्तम कोच निवडलं. त्यानंतर पेनसिल्व्हेनियात सस्क्वेहाना विद्यापीठात स्वतःच्या मुलाच्या जोडीने शिकवलं, मग परत स्टॉकटनला येऊन ज्युनियर कॉलेजच्या मुलांना चेंडूला लाथ कशी मारायची ते दाखवत राहिले. १९६५ मध्ये गेले तेव्हा वय १०२. एकूण ३१४ विजय नावावर, पण मला भावते ती शेवटची लाथ शिकवण्याची नोकरी. तिच्यात ना मोठं नाव होतं ना पैसा.

आता तुमच्या घरातलं बोलू. यजमानांची काळजी पोटासाठी आहे आणि ती रास्त आहे. हायस्कूलचे बरेचसे कोच आधी शिक्षक असतात. पगार शिकवण्याचा, कोचिंगचा भत्ता वरचा. म्हणजे ‘कोच की नोकरी’ असा वादच नको. मुलगा गणिताचा शिक्षक आणि फुटबॉलचा कोच होऊ शकतो. शारीरिक शिक्षण किंवा कायनेसिऑलॉजी (शरीराच्या हालचालींचं शास्त्र) घेऊ शकतो. खांद्याच्या दुखण्यातून त्याला अॅथलेटिक ट्रेनरचं, म्हणजे खेळाडूंच्या दुखापती सांभाळण्याचं, काम आवडलं असेल, तर त्यासाठी आता मास्टर्स लागतं, हे आधीच हिशेबात धरा. कॉलेजच्या टीममध्ये न खेळताही स्टुडंट मॅनेजर म्हणून शिरता येतं. पुढे ग्रॅज्युएट असिस्टंट, म्हणजे मास्टर्स करता करता कोचचा मदतनीस, होता येतं, आणि बरेच कॉलेज कोच याच पायरीवरून चढलेले असतात. कॉलेज निवडताना स्टेडियम बघू नका. त्या टीममधली किती मुलं वेळेत पदवी घेतात, तेवढं मात्र विचारा.

निर्णय मात्र आज नको. या उन्हाळ्यात त्याने गावातल्या लहान मुलांच्या फ्लॅग फुटबॉलला (यात पाडायचं नाही, कमरेची पट्टी ओढायची) पूर्ण सीझन मदत करावी. आठ वर्षांची पोरं, त्यांचे ओरडणारे आईबाप, पाऊस, आणि रोज हरणारी टीम. रोज रात्री वहीत एकच गोष्ट लिहावी: आज कोणाला काय जमत नव्हतं, आणि ते मी त्याला कसं दाखवलं. सामना जिंकला की हरला ते लिहायचं नाही. वही भरली तर त्याला शिकवण्याची ओढ आहे. दहा पानांवर अडली तर ओढ खेळाची होती, आणि खांद्यामुळे तुटलेल्या खेळाचं दुःख त्याला वेगळ्या तऱ्हेने हलकं करायला हवं. त्यात काही कमीपणा नाही.

आणि एक विनंती यजमानांना. दोन आठवड्यांचा अबोला आता पुरे. एका शनिवारी त्या मैदानाच्या कडेला खुर्ची टाकून बसा. काही बोलू नका, फक्त तो मुलांशी कसा बोलतो ते बघा. ऑगस्टमध्ये वही घेऊन त्याने मला फोन करावा. तुमच्याकडे सकाळचे नऊ म्हणजे इथे पुण्यात संध्याकाळचे साडेसहा, मी मोकळा असतो. कॉलेजच्या अर्जाचा निबंध आपण त्या वहीतूनच काढू.