फ्रॉइड वाचायला घेताय, तर…

इड, इगो, सुपरइगोपासून (मनाचे तीन भाग: आदिम इच्छा, व्यवहार सांभाळणारा ‘मी’ आणि आतला नैतिक पहारेकरी) सुरुवात करू नका. ती मांडणी मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइडने १९२३ साली केली. त्याआधी तीसहून अधिक वर्षं तो रुग्णांचं ऐकत होता. १९१४ मध्ये त्याने स्वतःच लिहिलंय की अशा अमूर्त कल्पना इमारतीचा पाया नाहीत, कळस आहेत. पाया निरीक्षणाचा, कळस बदलला तरी इमारत ढासळत नाही.

१९२० साली प्रसिद्ध झालेलं त्याचं एक निरीक्षण सावकाश वाचा. दीड वर्षाचा नातू दोरी बांधलेलं लाकडी रीळ पडदे लावलेल्या पाळण्यात फेकतो, ‘ओ-ओ-ओ’ म्हणतो (फ्रॉइडच्या मते जर्मन ‘फोर्ट’, म्हणजे ‘गेलं’), मग दोरीने ओढून आनंदाने ‘दा!’ (‘हे बघ, इथे!’) म्हणतो. आई बाहेर गेली तरी हा मुलगा रडत नाही. मग तिचं जाणं खेळात पुन्हापुन्हा का आणतो? या प्रश्नाने अस्वस्थ झालात की मगच मृत्युप्रेरणेकडे (विनाशाकडे ओढणारी मूलभूत प्रेरणा, ही फ्रॉइडची कल्पना) वळा, नाहीतर नुसती पोपटपंची होते. (एवढ्या एका खेळावरून निष्कर्ष काढता येत नाही, हे तोही सांगतो.)

पण सिद्धांत टाळूही नका. संक्रमणाची (रुग्णाने जुन्या नात्यांतल्या भावना नकळत उपचारकावर आणण्याची, इंग्रजीत transference) कल्पनाच नसेल तर रुग्णाचा राग तुम्ही अंगाला लावून घ्याल. डोरा या त्याच्या तरुण रुग्णाने उपचार अर्ध्यावर सोडले, तेव्हा संक्रमण वेळेत ओळखलं नाही, हे फ्रॉइडने पुढे मान्य केलं. माझ्या मते डोराची केस आधी वाचा, १९१५ चे सैद्धांतिक निबंध नंतर.