चार मार्कांचं काय घेऊन बसलीस

बेटा,

रात्री दीडचा तुझा मेसेज सकाळी वाचला. बारावीला चार मार्क ग्रेसचे मिळाले म्हणून ॲडमिशन सोडून परत परीक्षेला बसणार, कारण "हे माझं नाही सर". खरं सांगू, राग आला.

शब्दच टोचतोय ना तुला, मग नीट बघ त्याच्याकडे. ग्रेस आला लॅटिनमधल्या ग्राशियावरून, आणि फुकट या अर्थाचा ग्रॅटिस त्याच घरातला. फुकट म्हणजे हलकं नाही गं, किंमत लावलेली नाही एवढंच. यावरून पाचव्या शतकात पेलॅजियस आणि ऑगस्टीन या दोन ख्रिस्ती धर्मपंडितांचं वाजलं, माणूस स्वतःच्या बळावर तरतो की कृपेने. आपल्याकडे दक्षिणेतल्या श्रीवैष्णवांचा वाद पण तसाच, माकडाचं पिल्लू आईला स्वतः घट्ट धरतं, मांजरीच्या पिल्लाला आईच तोंडात धरून नेते, तर भक्त कोणासारखा? पण पिल्लाने आईचा हिशेब ठेवावा असं दोन्हीकडचं कुणीच म्हणालं नाही. मोजू नको.

पसायदानातला पसाय म्हणजे प्रसाद. ज्ञानेश्वरी 1290 ची, पण शब्द त्याहून कितीतरी जुना आणि त्याचा एक अर्थ निवळणं. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात प्रसाद आहे तो मनाचा निवळपणा, पेढा नाही. पावसाळ्यात तापीचं गढूळ पाणी आलं की आई घागरीत तुरटी फिरवून ठेवायची आणि रात्रभर कुणाला हात लावू द्यायची नाही, सकाळी तळाला बोटभर गाळ आणि वर असं पाणी की घागरीचा आतला पोचा दिसायचा. तू रात्री दीडला काय करत होतीस? ढवळत होतीस.

आणि मुक्ताईनगरजवळ तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवाचं देऊळ आहे, शाळेच्या सहलीत बघितलंस तू. चौदाशे वर्षांचा योगी म्हणतात त्याला, अनुग्रह घेतला तो मुक्ताईकडून, पोरसवदा मुलीकडून. त्याला चौदाशे वर्षांची तपश्चर्या आड आली नाही आणि तुला चार मार्क आड येतात?

मी हे कुठून बोलतोय ते पण ऐक. कॉलेजची दोन वर्षं जळगावला मावशीकडे जेवलो, रोज कळण्याची भाकरी न् ठेचा डब्यात, आणि मी येडा वहीत लिहून ठेवायचो. नोकरी लागल्यावर पहिल्या पगारांतून सगळे पैसे पाकिटात घालून दिले, पाकिटावर एकूण आकडा लिहिला, खाली रेघ मारली. मावशीने पाकीट हातात घेतलं, "व्हयना का रे हिसाब?" झाला का रे हिशेब, एवढंच म्हणाली. त्यानंतर मी कितीदा गेलो, चहा मिळायचा, ताट कधी वाढलं नाही तिने. पैसे दिले यात चूक नव्हती असं मी आजही म्हणतो, घरी शिकवलंच होतं की कुणाचं फुकट खायचं नाही, माझ्या जागी दुसरा कुणी असता तर त्यानेही दिलेच असते. पण तो आकडा, ती रेघ... मावशी आता नाही. वही आहे माझ्याकडे अजून.

म्हणून सांगतोय, मोजू नको. पेपर तपासणाऱ्याला तुझं नाव पण माहीत नव्हतं, तरी मिळालं, घे. घेता येणं हे पण शिकावं लागतं आणि मी ते शिकलो नाही.

शुक्रवार शेवटची तारीख आहे. टीसी ओरिजनल लागते, झेरॉक्स चालत नाही.

तुझे सर