वाचकांचे प्रश्न : महामार्गाने दुभागलेले गाव

प्रश्न : मुंबई-गोवा महामार्ग चौपदरी झाल्यापासून आमची शाळा एका बाजूला आणि वाडी दुसऱ्या बाजूला पडली आहे. पायी व सायकलवरून जाणाऱ्यांसाठी आम्ही नेमके काय मागावे?
– एक वाचक, रत्नागिरी जिल्हा

उत्तर : गावकरी बहुधा गतिरोधकच मागतात, परंतु राष्ट्रीय महामार्ग ६६ च्या मुख्य मार्गिकांवर तो मंजूर होणे कठीण असते आणि पावसाळी रात्री वेळेवर न दिसल्यास तोच अपघाताला कारण ठरतो. त्याऐवजी पादचारी भुयारी मार्ग, सलग सेवारस्ता आणि बसथांब्याजवळ दिवे मागावेत. भुयारी मार्गातील पाण्याच्या निचऱ्याची सोय आराखड्यातच तपासून घ्यावी, कारण तो तुंबला की माणसे पुन्हा दुभाजकच ओलांडतात (आणि कोकणात तो तुंबणारच, असे धरून चालणे शहाणपणाचे). ग्रामसभेचा ठराव, जागेचा नकाशा आणि रस्ता ओलांडणाऱ्यांची वेळनिहाय मोजणी जोडून जिल्हा रस्ता सुरक्षा समितीकडे अर्ज करावा. रस्त्याच्या रचनेचे निकष न पाळल्यामुळे मृत्यू वा अपंगत्व ओढवल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १९८अ नुसार जबाबदार यंत्रणेला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, याचाही त्यात उल्लेख असावा. रस्त्यावरील तातडीच्या अडचणीसाठी १०३३ हा मदत क्रमांक आहे.