बायोटेक कंपनीसाठी रबाळे-महापेलाच जागा घ्यावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पाच-सहा जणांची कंपनी, रक्तातल्या जिवंत पेशींवरची चाचणी विकसित करायची आहे, ठाण्यात घोडबंदर रोडला गाळा स्वस्तात मिळतोय, मग जास्त भाडं भरून नवी मुंबईतल्या रबाळे-महापेच्या कंपन्यांमध्ये जाऊन बसण्यात अर्थ आहे का?

आहे, पण सरसकट नाही. कामासाठी जे जे बाहेरून येतं आणि बाहेर जातं त्याची यादी करा आणि प्रत्येकापुढे लिहा, हे किती तासांत वाया जातं.

ताजं रक्त सगळ्यात वर येईल. पेशी वेगळ्या करायच्या तर नमुना काढल्यापासून साधारण आठ तासांत काम सुरू झालेलं बरं. 24 तास उलटले की ग्रॅन्युलोसाइट्स (नको असलेल्या पांढऱ्या पेशी) लिम्फोसाइट्सच्या (हव्या असलेल्या पांढऱ्या पेशींच्या) थरात मिसळायला लागतात, हाती येणाऱ्या पेशी घटतात, लिम्फोसाइट्सपैकी टी-पेशी प्रतिसाद नीट देत नाहीत. हे रक्त खोलीच्या तापमानालाच न्यायचं असतं; पोहोचवणारा माणूस काळजीपोटी बर्फात घालतो आणि नमुना बिघडवतो. खारघरच्या ॲक्ट्रेकसारख्या (टाटा मेमोरियलचं कर्करोग संशोधन केंद्र) ठिकाणाहून नमुने घेणार असाल तर रबाळे ठाणे खाडीच्या त्याच बाजूला आहे. घोडबंदरला यायचं म्हणजे पुढे ठाण्याची संध्याकाळची रांग.

उलट सीरम ड्राय आइसमध्ये कुठूनही येतं, प्लास्मिड (डीएनएचं गोल कडं) साध्या कुरिअरने बंगळुरूला जातं, प्रायमर (डीएनएचे छोटे तुकडे) सुक्या पावडरीच्या रूपात येतात. एवढ्यासाठी महाग भाडं कशाला भरायचं?

दुसरा मुद्दा माणसांकडून मिळणाऱ्या ज्ञानाचा. ऑड्रेच आणि स्टीफन या अर्थशास्त्रज्ञांनी 1996 मध्ये अमेरिकी बायोटेक कंपन्या तपासल्या, तेव्हा विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांशी असलेले सुमारे 70 टक्के संबंध कंपनीच्या परिसराबाहेरचे निघाले. शास्त्रज्ञ स्वतः संस्थापक असेल तिथे मात्र तो जवळपासचा असण्याचं प्रमाण जास्त होतं. सल्लागार बोस्टनमध्ये बसला तरी चालतो. पेशी मरायला लागल्यावर फ्लास्क हातात घेऊन बघणारा माणूस लांब असून चालत नाही. ऑक्टोबर 2023 मध्ये मान्यता मिळालेली नेक्सकार19 ही कार-टी (रुग्णाच्याच टी-पेशी बदलून कर्करोगावर सोडायची) उपचारपद्धती बघा: संशोधन पवईच्या आयआयटीत, रुग्णांवरच्या चाचण्या टाटा मेमोरियलमध्ये, उत्पादन नवी मुंबईत. हे अंतर रोज कापता येतं. पद्धत पक्की झाल्यावर इतर शहरांतली रुग्णालयंही जोडता आली. जवळीक लागली ती घडवण्याच्या काळात.

तिसरं, नोकरभरती, आणि याचा हिशेब फारसा कोणी करत नाही. ठाणे-वाशी-पनवेल ट्रान्सहार्बर लोकलमुळे कळवा-डोंबिवलीचा तंत्रज्ञ घर न हलवता टीटीसीतली (रबाळे-महापे ज्यात येतं ती एमआयडीसीची औद्योगिक वसाहत) कंपनी बदलू शकतो. अनुभवी माणूस पटकन मिळतो, तसाच पटकन सुटतोही. शेजारी गाळा घेतला म्हणून शेजारची कंपनी तुम्हाला काही सांगणार नाही, औषध कंपन्यांची तोंडं बंदच असतात. काही कळलं तर ते अशा नोकरी बदलणाऱ्यांकडूनच.

जागेची कागदपत्रं बघताना एमआयडीसीची पोटभाड्याची परवानगी आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतिपत्र मूळ प्रत मागून वाचा. मालकाचं संमतिपत्र इंजिनीअरिंगच्या कामाचं असेल तर तुमच्या प्रयोगशाळेला ते उपयोगाचं नाही, आणि हे बहुतेक वेळा फर्निचर झाल्यावर लक्षात येतं. जैववैद्यकीय कचऱ्याची गाडी त्या गल्लीत येते का आणि वीज गेल्यावर उणे 80च्या फ्रीझरला जनरेटरचा आधार आहे का, तेही विचारा.

टोकन देण्याआधी सलाइन भरलेल्या नळ्या डेटा लॉगरसह (तापमान नोंदवणारं छोटं यंत्र) खोक्यात घालून रुग्णालयापासून दोन्ही गाळ्यांपर्यंत पाठवा. कामाच्या दिवशी, ओपीडी सुटल्यावर, आणि जमलं तर जोराच्या पावसात. घोडबंदरला तीन तासांच्या आत पोहोचल्या आणि तापमान 18 ते 25 अंशांतच राहिलं, तर स्वस्त गाळा घ्या.