आजोबांच्या जुन्या स्कूटरला विंटेज नोंदणी घ्यावी, की कोल्हापूरला नेऊन एमएच नंबर लावावा?

तुम्ही निपाणीचे, तुमची लॅम्ब्रेटा १९७१ ची, पाटी म्हैसूर राज्याच्या (आताच्या कर्नाटकाच्या) काळातली, कागद अजून आजोबांच्या नावावर. ऑस्ट्रेलियातला मावसभाऊ सांगतोय की तिकडं जुन्या गाडीला सवलतीत नोंदणी मिळते. तशी आपल्याकडे घ्यावी, की कोल्हापुरातल्या पाहुण्यांच्या पत्त्यावर एमएच नंबर घ्यावा, असं विचारलंय तुम्ही. पहिल्या निम्म्याचं उत्तर कुणीही देईल. दुसऱ्या निम्म्यावरून आमच्या घरात अबोला धरला गेलाय, म्हणून लिहायला बसलो.

कोल्हापूरचं डोक्यातून काढा. का ते सांगतो.

आमच्याकडे जावा मोटरसायकल आहे, २५० सीसी, १९६९ ची. मैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातली. आजोबांचं बेळगावच्या शहापुरात कापडाचं दुकान होतं, उधारी वसुलीला खानापूर-नंदगडपर्यंत ते हिच्यावरूनच जायचे. बेळगाव १९५६ ला मुंबई राज्यातून म्हैसूरमध्ये ढकललं गेलं, त्यामुळे गाडीला नंबर मिळाला तो एमवाय अक्षरांचा. आजोबांना त्याचं काही नव्हतं. त्यांचं म्हणणं, नंबर सरकारचा, गाडी माझी. काका मात्र बेळगाव महाराष्ट्रात यावं म्हणणाऱ्या एकीकरण समितीचे कट्टर. कॉलेजात असताना एका काळ्या दिनाला, म्हणजे समितीच्या एक नोव्हेंबरच्या निषेधाला, त्यांनी पुढच्या मडगार्डवरच्या पाटीला, त्या दोन अक्षरांवर, डांबर फासलं. आजोबांनी काही न बोलता रॉकेलचा बोळा घेतला आणि दुकान उघडायच्या आत पाटी पुसून काढली. मडगार्डच्या कडेला, पाटीच्या स्क्रूपाशी, अजून एक काळा ठिपका आहे. मी गाडी रंगवून घेतली तेव्हा रंगाऱ्याला तेवढा भाग सोडायला लावला. तो म्हणाला, साहेब, डाग राहिला. म्हटलं राहू दे.

आजोबा होते तोवर पासिंग, म्हणजे तपासणी करून नोंदणी वाढवून घेणं, कधी चुकलं नाही. ते गेल्यावर पुढची मुदत जवळ आली आणि गाडी नावावर करायची वेळ आली. इथं तुमच्याही कामाची गोष्ट : मालक वारल्यावर फॉर्म ३१ भरून तीन महिन्यांत वारसाच्या नावावर बदली मागायची असते. त्याला वारसांचा दाखला लागतो, बाकीच्या वारसांचं ना-हरकत प्रतिज्ञापत्र लागतं. काका आधीच गेलेले, त्यामुळे सही त्यांच्या मुलाची, म्हणजे आमच्या कोल्हापूरच्या दादाची. दादा सही करायला तयार, पण अट एकच : गाडी कोल्हापूरला आणायची, विंटेजमध्ये घालायची आणि एमएच व्हीए असा विंटेज मालिकेतला नंबर लावायचा. का, तर काकांचा आत्मा शांत होईल. वर त्याच्या एजंटने त्याच्या डोक्यात भरवून दिलेलं की पन्नास वर्षं झाली की व्हीए नंबर सक्तीचा, नाहीतर गाडी भंगारात जाते.

दोन्ही थापा. भंगार धोरणात निव्वळ वयावरून खासगी गाडी मोडायची सक्ती आपल्याकडे नाही. दहा-पंधरा वर्षांच्या बंदीची जी भानगड ऐकू येते ती दिल्ली आणि आसपासची. इकडं गाडी तपासणीत पास झाली की पाच वर्षांसाठी फेरनोंदणी मिळते. आणि व्हीएचं म्हणाल, तर केंद्राचे नियम जुलै २०२१ मध्ये आले, त्यातच लिहिलंय की आधीपासून नोंदलेली गाडी विंटेजमध्ये घेतली तरी तिचा मूळ नंबर ठेवता येतो. व्हीए मालिका नव्याने नोंदणी होणाऱ्यांसाठी. म्हणजे एजंट जे विकत होता ते कुणाला नकोच होतं. दादाला सोडून.

आता त्या सवलतीत काय आहे ते बघा. पहिल्या विक्रीनंतरच्या नोंदणीला पन्नास वर्षं पूर्ण झालेली दुचाकी किंवा चारचाकी, चासी, बॉडी आणि इंजिन मूळचं, त्यात मोठी फेरफार नको. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, पुढं फेरनोंदणीला ५,०००. आणि गाडी रस्त्यावर आणायची ती प्रदर्शनाला, रॅलीला, तांत्रिक संशोधनाला, दुरुस्तीला किंवा पेट्रोल भरायला. पेट्रोल भरता येतं, ते जाळायला जायचं कुठं ते नियमात नाही.

तुमच्या मावसभावाकडे ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्यात क्लब परमिट असतं. वर्षाला ४५ किंवा ९० दिवस निवडायचे, लॉगबुकात नोंद करायची आणि त्या दिवशी खुशाल दूध आणायला जा. ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांवरच्या गाडीला रस्ता करच माफ. ह्याला सवलत म्हणतात. आपल्याकडे वीस हजार घेऊन गाडी अंगणात झाकून ठेवायची परवानगी देतात. साध्या फेरनोंदणीची फी वीस वर्षांवरच्या दुचाकीला २०२५ मध्ये वाढवून २,००० केली, ती धरली तरी दहा वर्षांचे ४,००० होतात, आणि गाडी रोज बाजारात नेता येते. मी नेतो. गणपत गल्लीत सायलेन्सरचा धूर सोडत निघालो की चार माणसं शिव्या देतात आणि दोन माणसं मागं वळून बघतात.

पीयूसीची भीती घालतील, तिकडं लक्ष देऊ नका. २००० सालाच्या आधीच्या दुचाकीला कार्बन मोनॉक्साइड साडेचार टक्क्यांपर्यंत चालतो, आणि टू-स्ट्रोकला हायड्रोकार्बन ९,००० पीपीएमपर्यंत. कार्ब्युरेटर नीट बसवलेला आणि ऑइलचं प्रमाण बरोबर असेल तर पास होते. तपासणीला नेण्याआधी चासीचा नंबर मात्र साफ करून ठेवा. आमच्या गाडीचा हँडलखालचा नंबर तीन-चार थर रंगाखाली गाडला गेलेला. बारीक पॉलिशपेपरने हलक्या हाताने घासत गेलो, तेव्हा एकेक आकडा वर आला. त्यावर पातळ कागद धरून पेन्सिल फिरवली की छाप उठते, तीच कागदाला लागते. जोर लावून घासलं आणि आकडा पुसट झाला, तर पुढची सगळी वर्षं गाडी चोरीची नाही हे सिद्ध करण्यात जातील.

इंजिनाबाबतही दादाने फाटे फोडले. आमचा क्रँकपिन उद्यमबागेतल्या, म्हणजे बेळगावच्या कारखान्यांच्या वसाहतीतल्या, एका टर्नरने करून दिलाय आणि सिलिंडर बोअर केलेला, म्हणजे आतून कातून घेतलेला आहे. तो म्हणे, मग मूळ इंजिन कुठं राहिलं? अरे, इंजिनावरचा नंबर तोच, इंजिनाचं बाहेरचं कवच तेच. पन्नास वर्षं चाललेल्या टू-स्ट्रोकचा सिलिंडर बोअर न करता कुणी चालवून दाखवावी. दुरुस्ती वेगळी आणि फेरफार वेगळी, एवढं उद्यमबागेतल्या नव्या पोऱ्यालाही कळतं.

आता कोल्हापूरच्या नंबरचं मुख्य. मोटार वाहन कायद्याचं कलम ४७ सांगतं की एका राज्यात नोंदलेली गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून जास्त राहिली, तर तिथला नवा नंबर घ्यावा लागतो. म्हणजे तुम्ही इकडून ना-हरकत घेऊन गाडी कोगनोळी नाक्यापलीकडे नेली, म्हैसूरचा जुना नंबर घालवला, एमएच नंबर लावला आणि गाडी परत निपाणीत आणून ठेवली, तर वर्षाने तुम्हाला केए नंबर घ्यावा लागणार. म्हैसूरही गेलं आणि महाराष्ट्रही गेला. वर कर भरा ते वेगळंच. हे टाळायचं तर गाडी कायमची कोल्हापुरात राहायला हवी, आणि हे एजंट बोलत नाही, दादाही बोलत नाही. पाहुण्यांच्या पत्त्यावर राहतो म्हणून खोटं लिहून देणं तर करूच नका.

मला विचाराल तर त्या पाटीवरच सीमाभागाचा सगळा इतिहास लिहिलेला आहे. आपल्याला न विचारता कुठं टाकलं, त्याचा १९६९ सालचा सरकारी पुरावा. तो पुसून एमएच लावण्याने सीमाप्रश्न तसूभर सुटत नाही, पुरावा मात्र जातो. काका असते तर त्यांना हे पटलं नसतं, मान्य आहे. पण डांबर फासलं तरी त्यांनी ती पाटी उचकटून टाकली नव्हती.

एक राहिलं. मी बोललो ते ज्या गाडीचं पासिंग चालू आहे किंवा नुकतंच संपलंय त्या गाडीपुरतं. मुदत कैक वर्षांपूर्वी संपली असेल, तर फेरनोंदणीला दुचाकीमागे महिन्याला ३०० रुपये जादा लागतात, आणि लॅम्ब्रेटा दशकभर माळ्यावर पडली असेल तर तो आकडा वीस हजारांच्या वर सहज जाईल. मग विंटेज नोंदणी स्वस्त पडते, मूळ नंबर ठेवून तीच घ्या. चारचाकी असती तरी हिशेब बदलला असता, कारण तिची साधी फेरनोंदणीच आता १०,००० आहे. जुन्या पाटीच्या गाड्यांची नोंद बऱ्याचदा ऑनलाइन दिसत नाही, कचेरीतल्या जुन्या रजिस्टरवरून चढवून घ्यावी लागते. आर.सी. बुक हाताशी असेल तर ते लॅमिनेट करू नका, आतले शिक्के दाखवावे लागतात.

आणि वारसांच्या सह्या आधी घ्या, गाडी रंगवायच्या आधी. गाडी चकाचक दिसायला लागली की नातेवाइकांना आजोबा आठवायला लागतात. आमच्याकडे सही शेवटी झाली, बाबांनी मध्यस्थी केली म्हणून, पण त्या दिवसापासून दादा माझा फोन उचलत नाही. दादा, हे वाचत असशील तर कलम ४७ एकदा स्वतः वाच, एजंटला विचारू नको.