आकाशवाणीचं ‘मुंबई ब’ केंद्र कुठे गेलं, आणि जुन्या रेडिओवर ते आज लागेल का?

तुमच्या प्रश्नाचे दोन भाग आहेत. तुमचे वडील ज्याला ‘मुंबई ब’ म्हणायचे त्या केंद्राचं नाव आणि कार्यक्रम इतके का बदलले, हा एक. घरातल्या जुन्या ट्रान्झिस्टरवर आणि नवीन डिजिटल सेटवर ते का सापडत नाही, हा दुसरा.

‘मुंबई ब’ म्हणजेच आजची अस्मिता वाहिनी, ५५८ किलोहर्ट्झ, मीडियम वेव्ह (सेटवर ‘MW’ किंवा ‘AM’). ‘मुंबई अ’ची पुढे संवादिता झाली (१०४४), आणि ‘मुंबई क’ म्हणजे विविध भारतीची जाहिरातवाली सेवा (११८८). नावांचा घोळ एवढाच. कार्यक्रम का बदलले याचं उत्तर मात्र लांब आहे. माझ्या मते श्रोत्यांची आवड बदलली म्हणून मुंबईच्या रेडिओचा साचा फारसा कधी बदललाच नाही. पैसा कुठून येतो ते बदललं की साचा बदलला.

सुरुवातीपासून पाहा. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या मुंबई केंद्राचं उद्घाटन व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांनी २३ जुलै १९२७ रोजी केलं. ट्रान्समीटर फक्त दीड किलोवॅटचा, नीट ऐकू येण्याचा पल्ला ४८ किलोमीटरच्या आसपास. कंपनीचं भागभांडवल जमलं ६ लाखांचं, त्यातले साडेचार लाख मुंबई आणि कलकत्ता ही दोन केंद्रं उभारण्यातच गेले. उत्पन्न म्हणजे वर्षाला १० रुपयांच्या लायसन्स फीतला ८० टक्के वाटा आणि आयात होणाऱ्या सेटच्या किमतीवर १० टक्के. १९२९ अखेर सगळे मिळून पावणेआठ हजारांच्या आसपास लायसन्सधारक होते. हिशेब करा: फीतून वर्षाला ६० हजारांच्या थोडंच वर. त्यात दोन शहरांतले स्टुडिओ, कलाकार आणि वीजबिल कसं भागणार? १ मार्च १९३० ला कंपनी मोडीत निघाली आणि महिनाभरात सरकारने केंद्रं ताब्यात घेतली. ८ जून १९३६ ला ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव आलं. मूठभर सेटमालकांसाठी चाललेलं केंद्र आता सरकारी खातं झालं, म्हणजे शेती, आरोग्य, कामगार, स्त्रिया, मुलं या सगळ्यांसाठी वेळेचे तुकडे पाडणं आलं. कामगारांचा कार्यक्रम, वनिता मंडळ, नभोनाट्य ही मांडणी त्या धोरणातून आली.

या साच्यातही उत्तम काम झालं, हे सांगायलाच हवं. ‘पुन्हा प्रपंच’ या कौटुंबिक श्रुतिकेतले पंत, मीनावहिनी आणि टेकाडे भावोजी घराघरात पोचले. नागरिकांनी कसं वागावं हे शिकवायचं होतं, पण ते घरातल्या गप्पांतून सांगितलं, म्हणून लोकांनी ऐकून घेतलं. हेच भाषण म्हणून दिलं असतं तर लोकांनी सेट बंद केला असता.

मग पन्नाशीच्या दशकात माशी शिंकली. बाळकृष्ण केसकर १९५२ ला माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले. हिंदी चित्रपटगीतांना आकाशवाणीवर कात्री लागली, आणि गाण्याबरोबर चित्रपटाचं नाव सांगणं म्हणजे फुकटची जाहिरात, असं ठरलं. निर्माते बिथरले. श्रोते सरळ रेडिओ सिलोनकडे गेले, तिथे जाहिरातदार गाण्यांचे कार्यक्रम प्रायोजित करत होते. केसकरांची बाजूही आहे: शास्त्रीय संगीताला आणि भावगीताला रेडिओवर जेवढी जागा तेव्हा मिळाली तेवढी बाजाराने कधीच दिली नसती. पण गेलेले श्रोते परत आणायला ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती काढावी लागली, आणि तीही शॉर्टवेव्हवर, कारण सिलोन ऐकणाऱ्यांचे सेट शॉर्टवेव्हवरच लावलेले असायचे.

१ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई, पुणे आणि नागपूरच्या विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या. ‘ब’ केंद्राच्या दृष्टीने हा कळीचा बदल होता. हलकंफुलकं, गाण्यांचं आणि पैसे मिळवणारं ते सगळं ‘क’कडे गेलं. मराठी भाषण, नाटक, बातम्या, लोकसंगीत ‘ब’कडे राहिलं. ‘ब’ गंभीर झालं म्हणतात, ते खरं तर या वाटणीमुळे.

एफएमची कथा तुम्हाला माहीत असेल, म्हणून थोडक्यात. १९९३ च्या ऑगस्टात मुंबई-दिल्लीत आकाशवाणीने एफएमचे तास खाजगी कंपन्यांना विकायला सुरुवात केली, १९९८ ला ते करार संपवले. २००२ मध्ये मुंबईत खाजगी स्टेशनं आली. मुंबईसाठी वर्षाची लायसन्स फी ९.७५ कोटी, वर दरवर्षी १५ टक्के वाढ. म्हणजे पाचव्या वर्षी १७ कोटींच्या पुढे. स्वतःच्या बातम्या द्यायला बंदी. असा बोजा डोक्यावर असताना कोणता संपादक नभोनाट्य लावेल? ज्याला सर्वांत जास्त जाहिरात मिळते ते, म्हणजे ताजी हिंदी गाणी, सगळ्यांनीच धरलं. इंग्रजी गाण्यांवर भर देणाऱ्यांनीही पुढे तोच रस्ता पकडला. खाजगी एफएम परवान्यांच्या दुसऱ्या टप्प्यात ठोक फी जाऊन एकरकमी प्रवेशशुल्क आणि उत्पन्नाच्या ४ टक्क्यांच्या हिशेबाने वार्षिक फी आली तेव्हा श्वास घेता आला, पण तोवर सवय लागून गेली होती. मुंबईत मराठी एफएमचा दुष्काळ आहे अशी तक्रार नेहमी होते. त्याचं मूळ या फीच्या गणितात आहे, मराठी माणसाच्या न्यूनगंडात नाही.

आता सेट.

डिजिटल सेटवर अस्मिता न सापडण्याचं सर्वांत मोठं कारण म्हणजे स्टेप, म्हणजे बटण दाबल्यावर आकडा कितीने उडी मारतो ते. आपल्याकडे नोव्हेंबर १९७८ पासून मीडियम वेव्हची सगळी केंद्रं ९ किलोहर्ट्झच्या अंतरावर आहेत, म्हणून प्रत्येक आकडा ९ च्या पाढ्यात बसतो: ५५८, १०४४, ११८८. अमेरिकेत हे अंतर १० आहे, आणि तिकडच्यासाठी बनवलेले किंवा तसे सेट करून आलेले रेडिओ १०-१० ने उडी मारतात. असा सेट ५५० वरून थेट ५६० वर जातो. ५६० वर अस्मिता ऐकू येईल, पण आवाज फाटका आणि ‘स’ टोचणारा. १०४४ साठी तर सेट १०४० वर थांबतो, तिथे चार किलोहर्ट्झची चूक म्हणजे आवाज त्याहून फाटका. सेटच्या मेनूत किंवा मागच्या बारीक स्विचवर ९/१० ची निवड असते. काही सेटमध्ये तो बंद करून एखादं बटण दाबून धरावं लागतं. मॅन्युअल पाहा. ९ केलं की आधी साठवलेली स्टेशनं पुसली जाऊ शकतात, हे लक्षात ठेवा.

जुन्या काटा-डायलच्या सेटवर ५५८ अगदी डाव्या टोकाला, ५३ किंवा ५४ च्या खुणेच्या (म्हणजे ५३० किंवा ५४० किलोहर्ट्झ) जरा पुढे येतं. डायल मीटरमध्ये असेल तर ५३८ च्या आसपास शोधा (३,००,००० भागिले ५५८). काटा तिथवर जातो पण केंद्र लागत नाही, आणि उजवीकडची केंद्रं मात्र लागतात, असं असेल तर सेटचं अलाइनमेंट (आतल्या सर्किटची जुळणी) बहुधा सरकलेलं असतं. फेराइट रॉडवरची (आतल्या काळ्या कांडीवरची) कॉइल मेणाने चिकटवलेली असते, जुनं मेण सुटून ती सरकते. जाणकाराकडूनच दुरुस्त करून घ्या. आतले रंगीत कॅन (कॉइलच्या छोट्या धातूच्या डब्या) स्क्रूड्रायव्हरने फिरवत बसू नका, मग काहीच लागणार नाही.

एरिअल बाहेर ओढून उपयोग नाही, ती एफएम आणि शॉर्टवेव्हसाठी असते. मीडियम वेव्ह पकडतो तो आतला आडवा फेराइट रॉड. रॉडची लांब बाजू ट्रान्समीटरकडे असेल तेव्हा आवाज भरपूर, टोक त्याच्याकडे असेल तेव्हा जवळजवळ बंद. ट्रान्समीटर मालाडला आहे. ठाण्यात बसला असाल तर तो पश्चिमेला, म्हणून सेट उत्तर-दक्षिण ठेवा. दादरला असाल तर पूर्व-पश्चिम.

तरीही गुरगुर येत असेल तर दोष बहुधा घरातलाच. एलईडी बल्ब, मोबाईलचे चार्जर, इंडक्शन शेगडी, राउटरचा अडॅप्टर या सगळ्यांतले स्विचिंग सर्किट याच पट्ट्यात कचरा टाकतात. सेट बॅटरीवर चालवा आणि घराचा मेन स्विच दोन मिनिटं बंद करा. गुरगुर थांबली तर एकेक वस्तू लावून चोर पकडा. थांबली नाही तर ती शेजाऱ्यांकडून किंवा लिफ्टमधून येते आहे. आरसीसी इमारतीत सळ्यांच्या जाळीमुळे सिग्नल आत पडतो, म्हणून सेट खिडकीशी ठेवा.

एवढं करूनही कमी पडलं (कर्जतच्या पलीकडे, डोंगराआड असं होतं) तर लूप अँटेना करा. ६० सेंटिमीटर बाजूची लाकडी चौकट, त्यावर प्लास्टिकच्या वायरचे १३ वेढे, प्रत्येकात अर्धा सेंटिमीटर अंतर. वायर साधारण ३२ मीटर लागेल. दोन्ही टोकांना जुन्या व्हॉल्व्ह सेटमधला ३६५ पिकोफॅरडचा गँग कंडेन्सर (स्टेशन लावायचा, फिरत्या पात्यांचा) जोडा. रेडिओला काहीही जोडायचं नाही, तो चौकटीजवळ ठेवायचा, फेराइट रॉड चौकटीच्या पातळीला काटकोनात. रेडिओ ५५८ वर लावून गँग हळूहळू फिरवला की एका ठिकाणी आवाज एकदम उसळतो. गँग पूर्ण बंद करूनही (फिरती पाती पूर्ण आत) ती जागा येत नसेल तर एक वेढा वाढवा.

आणि शोधताना वेळ पाळा. परंपरेने सकाळ, दुपार, संध्याकाळ अशा सभांमध्ये प्रसारण असतं, सभा संपली की तिथे नुसती शांतता. आधी मोबाईलवर आकाशवाणीच्या न्यूजऑनएअर अॅपमध्ये अस्मिता लावा. तिथे कार्यक्रम चालू असताना सेट फिरवलात तर दोष सेटचा की वेळेचा, हे लगेच कळेल. अॅपवरचा आवाज काही सेकंद मागे असतो, त्यामुळे दोन्ही जुळत नाहीत म्हणून सेट उघडू नका.